रस्त्याचं नाव, रस्त्याचा नंबर

यंदाच्या गुढीपाडव्याचं श्रीखंड पाऊण तास उशिरा आलं, त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे. कार्यक्रमाच्या पत्रकावर हॉलचा पत्ता मी लिहिला होता. इमारतीचा नंबर लिहिला, पुढे ‘मेन स्ट्रीट’ लिहिलं आणि गावाचं नाव लिहायची विसरले. वाटलं, मंडळ श्रूजबरीचं, तेव्हा हॉल श्रूजबरीतच असणार, हे काय सांगायला हवं? पण कनेटिकटहून श्रीखंडाचे डबे घेऊन निघालेल्या मंडळींच्या फोनला आपलं मंडळ कुठलं ते कसं ठाऊक असणार! त्याने त्यांना व्यवस्थित वूस्टरच्या मेन स्ट्रीटवर नेऊन उभं केलं. इकडे पुऱ्या गार होत होत्या आणि तिकडून फोन येत होते, “अहो, आम्ही मेन स्ट्रीटवरच उभे आहोत, गुढी कुठे दिसत नाही!”

कमिटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये संपादकबाईंनी मला शिक्षा सुनावली. इथल्या रस्त्यांची नावं आणि नंबर यांचा काय घोळ आहे, त्यावर एक लेख द्यायचा. मी रसायनशास्त्राची. इतिहासाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला तो सुटलाच. पण घरात एक जाणकार माणूस आयता मिळाला. माझे सासरे, आप्पा, सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते आणि त्यातली बरीच वर्षं सातारा-कऱ्हाड पट्ट्यात राष्ट्रीय महामार्गावर काढून निवृत्त झाले. मार्चपासून सहा महिने ते आणि आई आमच्याकडे होते. श्रीखंडाची हकिगत ऐकल्यावर ते एवढंच म्हणाले, “सूनबाई, नाव कशाला दिलंस? नंबर द्यायचा ना रस्त्याचा!” आणि मग, “पण तुमच्या या रस्त्यांना नंबर नक्की कुणी दिलेत?” हा लेख म्हणजे त्या प्रश्नामागे लागून आम्ही दोघांनी उन्हाळाभर जे हुडकलं, त्याचा हिशेब आहे.

तर पहिली गोष्ट मेन स्ट्रीटची. मॅसॅच्युसेट्समध्ये ३५१ गावं आणि शहरं आहेत आणि राज्यात गावाच्या हद्दीबाहेरची अशी जागाच नाही. एक गाव संपलं की त्याच रेघेवर दुसरं सुरू होतं. प्रत्येक गावाने आपापल्या रस्त्यांना आपापली नावं ठेवली, शेजारच्या गावाला न विचारता. त्यामुळे मेन स्ट्रीट जिकडेतिकडे. आपल्याकडे प्रत्येक गावात मारुतीचं देऊळ असतं, तसंच. मारुतीच्या देवळापाशी भेटू म्हणताना गाव सांगायला कुणी विसरत नाही, मी विसरले.

श्रूजबरीचा मेन स्ट्रीट मात्र साधासुधा नाही, हे इथे काही वर्षं राहूनही मला माहीत नव्हतं. आप्पांना सकाळी फिरायला जायची सवय. एप्रिलमध्ये एकदा परत आले ते उत्साहानेच. “तुमच्या राज्यात रस्त्याला दगड नाहीत म्हणून मी नावं ठेवत होतो, पण आज एक मैलाचा दगड सापडला. जुना आहे. त्यावर १७६७ लिहिलंय!” १७६७ म्हणजे आपल्याकडे थोरल्या माधवरावांची कारकीर्द. मला वाटलं चष्मा बदलायला झाला असेल. पण खरंच, या भागात बॉस्टनपासून स्प्रिंगफील्डपर्यंत जुन्या टपालरस्त्याच्या कडेला १७६७ साली बसवलेले दगड अजून काही ठिकाणी उभे आहेत. लोक त्यांना फ्रँकलिनचे दगड म्हणतात, कारण बेंजामिन फ्रँकलिन तेव्हा वसाहतींच्या टपालखात्याचा प्रमुख होता. प्रत्यक्षात ते प्रांताच्या सरकारने बसवले. दगडावर गावाचं नाव नाही, रस्त्याचंही नाही. फक्त बॉस्टन किती मैल, ते. वाचणाऱ्याला बॉस्टनलाच जायचं असणार, हे गृहीत.

हा टपालरस्ता म्हणजे बॉस्टन पोस्ट रोड. १६७३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कहून पहिला टपालस्वार बॉस्टनकडे निघाला, म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या आदल्या वर्षी. तेव्हा रस्ता कसला, इथल्या मूळ रहिवाशांच्या पायवाटाच त्या. त्यांच्यावरून घोडी गेली, मग बैलगाड्या गेल्या. पुढे या रस्त्याची वरची शाखा हार्टफर्ड, स्प्रिंगफील्ड, वूस्टर अशी येऊन श्रूजबरीतून बॉस्टनकडे जाऊ लागली, आणि श्रूजबरीच्या हद्दीत तीच आपली मेन स्ट्रीट. १७२७ मध्ये गावाला कायदेशीर अस्तित्व मिळालं, ते या वाटेच्या आधाराने. १७७५-७६ च्या हिवाळ्यात हेन्री नॉक्सने टायकॉन्डरोगाच्या किल्ल्यावरच्या तोफा बर्फावरून बैलांनी ओढत बॉस्टनच्या वेढ्यासाठी नेल्या, त्याही इथूनच. जॉर्ज वॉशिंग्टन येण्याआधी त्या वेढ्याची सूत्रं ज्याच्या हातात होती, तो आर्टिमस वॉर्ड श्रूजबरीचाच. त्याचं घर मेन स्ट्रीटवर आहे आणि ते आज हार्वर्ड विद्यापीठाच्या ताब्यात आहे. आपण त्याच्यावरून दर शनिवारी मुलांना क्लासला नेतो. मी तरी कधी मान वळवून पाहिलं नव्हतं.

पण मला वॉर्डपेक्षा लीव्हाय पीझ जास्त आवडला. हा लोहारकाम केलेला माणूस. स्वातंत्र्ययुद्ध संपत आल्यावर, १७८३ च्या ऑक्टोबरमध्ये, त्याने बॉस्टन ते हार्टफर्ड अशी घोडागाडीची ठरलेल्या वारांची सेवा सुरू केली. सोमवारी सकाळी बॉस्टनहून निघायचं आणि गुरुवारी हार्टफर्डला पोचायचं. रस्ते इतके वाईट होते की सुरुवातीला लोकांनी त्याला वेड्यात काढलं. त्याने गाड्या चालवल्या, टपालाचा मक्ता मिळवला, आणि पुढे श्रूजबरीत येऊन खाणावळ-मुक्कामाचं घर चालवलं. तो गेला १८२४ मध्ये, आणि इथल्याच दफनभूमीत आहे. एसटीचं महामंडळ एका माणसाने काढावं, अशातली ही गोष्ट. आप्पा म्हणाले, “गाडी आधी आली आणि रस्ता मागून सुधारला. आमच्याकडेही तसंच. एसटी गावात जायला लागली की मग आमच्या खात्याच्या मागे आमदार लागायचे.”

रस्ता सुधारायला पैसा हवा, आणि पैसा सरकारकडे नव्हता. म्हणून टर्नपाइक आले. टर्नपाइक म्हणजे मुळात रस्त्यावर आडवी टाकलेली, फिरणारी दांडी. पैसे दिले की दांडी फिरते. सरकारने खासगी कंपनीला परवाना द्यायचा, कंपनीने भागधारकांच्या पैशातून रस्ता बांधायचा आणि टोल घ्यायचा. (बीओटी ही आपण १९९० च्या दशकात शोधून काढलेली युक्ती आहे असा माझा समज होता.) वूस्टर टर्नपाइकला परवाना मिळाला १८०६ साली. टपालरस्ता गावागावातून वळणं घेत जायचा. टर्नपाइकवाल्यांनी नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली आणि टेकडी मध्ये आली तर टेकडीवरून, तळं आलं तर तळ्यावरून रस्ता नेला. आपल्या आणि वूस्टरच्या मधलं क्विन्सिगॅमंड तळं ओलांडायला तरंगता पूल होता. घोड्यांचे त्या चढांवर काय हाल होत असतील! आणि गावं बाजूला राहिल्यामुळे प्रवासी जुनी वाट सोडायलाही तयार नसत. त्यात १८३५ मध्ये बॉस्टन-वूस्टर रेल्वे सुरू झाली आणि काही वर्षांत टोलचा धंदा बसला. भागधारक बुडाले. रेघ राहिली.

ती रेघ म्हणजे आपला रूट नऊ. श्रूजबरीत त्याचं रस्त्यावरचं नाव अजून ‘बोस्टन टर्नपाइक’च आहे, टोल बंद होऊन पावणेदोनशे-एक वर्षं झाली तरी. आता या नावाची गंमत बघा. आप्पांना घेऊन आम्ही एका रविवारी तळ्यापासून बॉस्टनपर्यंत फक्त पाट्या वाचत गेलो. तळ्याच्या पलीकडे वूस्टरमध्ये हाच रस्ता बेलमाँट स्ट्रीट. पूल ओलांडला की बोस्टन टर्नपाइक. वेस्टबरोत आणि साउथबरोत नुसता टर्नपाइक रोड. फ्रेमिंगहॅममध्ये तो वूस्टर रोड होतो, नेटिक आणि वेल्झलीत वूस्टर स्ट्रीट, आणि पुढे न्यूटन-ब्रुकलाइनमध्ये बॉइल्स्टन स्ट्रीट. म्हणजे वूस्टरच्या बाजूच्या लोकांनी रस्त्याला बॉस्टनचं नाव दिलं, बॉस्टनच्या बाजूच्या लोकांनी वूस्टरचं, आणि मधल्या दोन गावांनी कुणाचंच नाही. अगदी बॉस्टनजवळ पोचल्यावर तर वूस्टर कुणाच्या खिजगणतीतच नाही. नाव रस्त्याचं नाहीच, ते आहे निघणाऱ्याच्या मनातल्या मुक्कामाचं. श्रूजबरीची ग्राफ्टन स्ट्रीट ग्राफ्टनला जाते, बॉइल्स्टन स्ट्रीट बॉइल्स्टन गावाला.

हे आपल्याला नवीन नाही. पुण्यात सोलापूर रोड, सातारा रोड, नगर रोड. सोलापुरात जाऊन सोलापूर रोड कुठे म्हणून विचारलं तर लोक हसतील; तिथे तो पुणे रोड. मुंबईतला लालबहादूर शास्त्री मार्ग माझ्या आजोबांना शेवटपर्यंत आग्रा रोडच होता. ठाण्याचा घोडबंदर रोड घोडबंदरला जातो. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पण वाघोलीला राहणारी माझी बहीण अजून नगर रोडवरच अडकलेली असते, ट्रॅफिकमध्ये. ही नावं गावात राहणाऱ्यांनी गावात राहणाऱ्यांसाठी ठेवलेली असतात. परका माणूस आला की पंचाईत.

आणि परका माणूस आला सायकलवर बसून. १८८०-९० च्या सुमारास सायकलचं वेड आलं, आणि शहरातले लोक पहिल्यांदाच हौसेखातर दुसऱ्यांच्या गावातून फिरू लागले. चिखलात रुतू लागले. बॉस्टनचा सायकल कारखानदार आल्बर्ट पोप याने चांगल्या रस्त्यांसाठी मोहीमच उघडली. (सायकली खपायला रस्ते हवेत, हा हिशेब त्यात होताच.) १८९३ मध्ये मॅसॅच्युसेट्सने राज्याचं महामार्ग आयोग नेमलं. गावच्या रस्त्यांतले महत्त्वाचे तुकडे राज्याने ताब्यात घेऊन दुरुस्त करायचे, ही कल्पना तेव्हा अगदी नवी होती. आपल्या वूस्टरला राहणारा कृष्णवर्णीय सायकलपटू मेजर टेलर १८९९ मध्ये जगज्जेता झाला, तो याच काळातला. वूस्टरमधला मेजर टेलर बुलेव्हार त्याच्या नावाचा.

मग मोटारी आल्या. १९०३ मध्ये राज्य सरकारने गाड्यांना नंबरपट्ट्या द्यायला सुरुवात इथेच झाली. देशातलं हे पहिलं राज्य. गाडीला नंबर आला, रस्त्याला यायला अजून वीस वर्षं होती! इथे रसायनवालीला दोन वाक्यं बोलू द्या. खडी दाबून तिच्या भुकटीने आणि पाण्याने घट्ट केलेला मॅकॅडमचा रस्ता घोडागाडीच्या लोखंडी धावेखाली उलट पक्का होत जातो, कारण चाक दगडाचा चुरा करतं आणि तो चुरा फटीत बसतो. रबरी टायर नेमकं उलटं करतं. ते चुरा ओढून उडवतं आणि खडी सुटी होते. म्हणून चिकटवायला काहीतरी काळं लागलं. आपण त्याला सरसकट डांबर म्हणतो, पण कोळशापासूनचं ते खरं डांबर, आणि रस्त्यावर आज असतं ते खनिज तेलातलं बिट्युमेन. आप्पांच्या खात्यातही सगळे ‘डांबरीकरण’च म्हणायचे आणि बिल मात्र बिट्युमेनचं यायचं.

रस्ते पक्के झाले तरी वाट सापडणं हा वेगळाच प्रश्न होता. सुरुवातीला न्यू इंग्लंडच्या राज्यांनी तारेच्या खांबांवर रंगाचे पट्टे मारले. पूर्व-पश्चिम मुख्य रस्त्याला लाल, उत्तर-दक्षिणला निळा, दुय्यम रस्त्याला पिवळा. कल्पना छान, पण दोन लाल रस्ते एका चौकात भेटले की गाडीवाला पुन्हा चौकातल्या दुकानदारालाच विचारणार. देशात इतरत्र तर खासगी मंडळं आपापल्या ‘ट्रेल’ना नावं देऊन, वर्गणी काढून, पाट्या लावत होती. ज्या गावाची वर्गणी जास्त, त्या गावावरून ट्रेल वळायची अशीही तक्रार असे. शेवटी १९२२ मध्ये न्यू इंग्लंडच्या सहा राज्यांनी मिळून मुख्य रस्त्यांना एकच नंबरमाला लावली. पिवळी चौकोनी पाटी, काळा आकडा, आणि राज्याची हद्द ओलांडली तरी आकडा तोच. मॅसॅच्युसेट्सचे मुख्य अभियंता ए. डब्ल्यू. डीन यांची ती योजना. चार वर्षांनी, १९२६ मध्ये, साऱ्या देशाने आकड्यांची पद्धत उचलली.

हे वाचताना मला एक वाटलं ते सांगते. नंबर ही काही रुक्ष सरकारी गोष्ट नव्हे. ज्याला या भागातलं कुणीच ओळखत नाही, ज्याला ग्राफ्टन कुठे आणि बॉइल्स्टन कुठे याचा पत्ता नाही, अशा माणसासाठी कुणीतरी केलेली ती सोय आहे. मी पहिल्यांदा इथे आले तेव्हा मला ‘वूस्टर’ हा उच्चारही माहीत नव्हता. मी सगळ्यांना वॉर्सेस्टर, वॉर्सेस्टर म्हणत असे, आणि समोरचा नम्रपणे न समजल्यासारखं करी. पण नऊ हा आकडा मला वाचता येत होता.

श्रूजबरीच्या दक्षिणेच्या टोकाला दुसरा एक मोठा रस्ता आहे, त्याचं इथलं नाव हार्टफर्ड टर्नपाइक आणि नंबर वीस. १९२२ मध्ये या वाटेला पाच नंबर मिळाला होता, १९२६ नंतर वीस झाला. हा वीस बॉस्टनला सुरू होऊन पार ओरेगनमध्ये न्यूपोर्टला पॅसिफिक महासागरापाशी संपतो. साधारण ३,३६५ मैल, देशातला सर्वांत लांब रस्ता. आप्पांना हे सांगितल्यापासून ते दर वेळी तिथून जाताना पश्चिमेकडे बघत.

आता सम-विषमचा नियम. देशपातळीच्या रस्त्यांना उत्तर-दक्षिण असेल तर विषम आकडा, पूर्व-पश्चिम असेल तर सम. १९२६ च्या मालिकेत आकडे पूर्वेकडून पश्चिमेकडे आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. १९५६ नंतरच्या इंटरस्टेटना मुद्दाम उलटं केलं, म्हणजे एकाच भागात सारखे दोन आकडे येऊ नयेत. म्हणून जुना वीस आणि नवा नव्वद दोन्ही उत्तरेत, आपल्याच दारात. तीन आकड्यांत पहिला सम असेल तर तो रस्ता दोन्ही टोकांना मोठ्या मार्गांना मिळतो, जसा २९०. विषम असेल तर फाटा, जसा लेमिन्स्टरकडे जाणारा १९०. मग रूट नऊ विषम असून पूर्व-पश्चिम कसा? कारण तो राज्याचा नंबर आहे, पांढऱ्या चौकोनातला, आणि मॅसॅच्युसेट्सने आपल्या नंबरांना असला काही नियमच ठेवला नाही.

आप्पांना हे पटेना. “नियम नाही तर नंबर कशाला?” आणि मग एक प्रकार घडला. मार्चअखेरीला माझ्या गाडीचं टायर एका नंबर असलेल्या रस्त्यावर खड्ड्यात फुटलं. मी नंबर बघून एका कार्यालयात फोन केला. तिथून उत्तर मिळालं, तो तुकडा आमचा नाही. दुसरीकडे केला, तिथेही नाही. आप्पा हे ऐकत बसले होते. त्यांच्या हिशेबी हे अशक्य. आपल्याकडे रस्त्याचा वर्ग म्हणजेच त्याचा मालक. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, मग प्रमुख जिल्हा मार्ग, ज्याला खात्यात ‘प्रजिमा’ म्हणतात, मग इतर जिल्हा मार्ग ‘इजिमा’, मग ग्रामीण मार्ग. दगडाची पिवळी टोपी दिसली की पैसा दिल्लीचा, हिरवी दिसली की राज्याचा. मॅसॅच्युसेट्समध्ये नंबर फक्त वाट दाखवतो. एकाच नंबरचा रस्ता एक मैल राज्याचा असतो आणि पुढचा मैल गावाचा. वाचकहो, टायर फुटलं तर हे ध्यानात ठेवा. आधी तो तुकडा कुणाचा हे शोधायचं. नंबरावर जाऊ नका.

आपली ती उतरंड आली कुठून, हे मात्र आप्पांनी मला सांगितलं, आणि त्यात मराठी माणसांचा आणि मराठी मुलखाचा मोठा भाग आहे. १९२७ मध्ये सरकारने रस्त्यांचा विचार करायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुणे विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय ज्यांच्या नावाचं, तेच पहिले कुलगुरू. १९२८ च्या अहवालात त्यांनी म्हटलं की रस्ते ही प्रांतांच्या आणि लोकल बोर्डांच्या ऐपतीपलीकडची, देशाच्या हिताची गोष्ट आहे, तेव्हा पेट्रोलवर जादा कर लावून त्याचा वेगळा निधी करावा. १९२९ मध्ये तो निधी झाला, १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस. मग १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असताना, सगळ्या प्रांतांचे मुख्य अभियंते नागपूरला जमले. त्यांनी केली ती ‘नागपूर योजना’. राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्रामीण हे वर्ग तिथले. १९५६ मध्ये भारतात राष्ट्रीय महामार्गांचा कायदा झाला आणि त्याच वर्षी इथे इंटरस्टेटचा. योगायोगच, पण आप्पांना तो फार आवडला.

मी विचारलं, “तुमचा नंबर कुठला होता?” म्हणाले, “चार.” मुंबईकडून पुणे, सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, बेळगाव, बंगळूर करत चेन्नईला जाणारा एनएच चार. खंबाटकी घाटातल्या दरडी, पावसाळ्यातल्या मोऱ्या, मैलकुल्यांची हजेरी, सगळं त्या चारावर. २०१० मध्ये देशभरचे नंबर बदलले. नवा नियम केला: उत्तर-दक्षिण सम, पूर्व-पश्चिम विषम, बरोबर अमेरिकेच्या उलट. चाराचा अठ्ठेचाळीस झाला. गोव्याकडे जाणारा सतरा सहासष्ट झाला, नागपूरवरून जाणारे सहा आणि सात अनुक्रमे त्रेपन्न आणि चव्वेचाळीस, पुणे-सोलापूरचा नऊ पासष्ट. “नियम बरोबर आहे,” आप्पा म्हणाले. “आधी नंबर कसेही पडले होते. मी असतो तरी हेच केलं असतं.” थोडं थांबून म्हणाले, “पण अठ्ठेचाळीसवर मी एक दिवस काम केलेलं नाही, अगं.” यावर मला काही बोलता आलं नाही. आईंनी चहा आणला.

इथेही लोक हट्टी आहेत, हे त्यांना दाखवायला मी १२८ ची गोष्ट काढली. बॉस्टनभोवतीचा हा अर्धगोल रस्ता. १९५१ मध्ये त्याचा नवा रुंद भाग उघडला तेव्हा लोक त्याला कुठेच न जाणारा रस्ता म्हणून हसले. आधीच्या बेतानुसार इंटरस्टेट ९५ बॉस्टन शहराच्या पोटातून जायचा होता. त्यासाठी रॉक्सबरी आणि जमेका प्लेनमध्ये घरं पाडूनही झाली होती. लोकांनी मोर्चे काढले. १९७० मध्ये गव्हर्नर फ्रान्सिस सार्जंट यांनी १२८ च्या आतल्या महामार्गांची कामं थांबवली आणि १९७२ मध्ये तो रस्ता रद्दच केला. मोकळ्या झालेल्या पट्ट्यावरून १९८७ पासून ऑरेंज लाइनची गाडी जाते. ९५ हा नंबर मग शहराबाहेरून, १२८ वर चढवला. अर्ध्या शतकाने अजूनही ट्रॅफिकच्या बातम्या सांगणारा ‘वन ट्वेंटी-एट’च म्हणतो. वूस्टरला मात्र कुणी वेळेवर थांबवणारं भेटलं नाही. २९० शहराच्या मधून गेला, आणि त्याखाली वस्त्या गेल्या. मी रोज त्यावरून कामाला जाते. सोळा मिनिटं लागतात.

रूट नऊवर आपल्या बाजूला पाडापाडी कमी झाली, त्याचं कारण ट्रॅम. १९०३ पासून बॉस्टन-वूस्टर विजेची ट्रॅम जुन्या टर्नपाइकच्या कडेने धावायची. तळ्याकाठी १९०५ मध्ये व्हाइट सिटी नावाची जत्रा-बाग उघडली, हजारो दिव्यांनी उजळलेली, ती १९६० पर्यंत होती. आज तिथे त्याच नावाचं दुकानांचं आवार आहे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ट्रॅम बंद पडली आणि तिच्या रुळांची जागा मिळाल्यामुळे राज्याला दुपदरी, मध्ये दुभाजक असलेला रस्ता करता आला. १९३४ मध्ये ‘स्पॅग्ज’ हे दुकान निघालं, जिथे पिशवी मिळत नसे. जुन्या मंडळींनी तिथून सुरुवातीच्या संसाराची भांडीकुंडी घेतलेली आहेत. तेही गेलं, आता त्या जागी लेकवे कॉमन्स आहे.

आणि खरा टर्नपाइक, ज्याला आपण पाइक म्हणतो, तो मात्र सगळ्यात नवा. १९५२ मध्ये त्यासाठी प्राधिकरण नेमलं, १५ मे १९५७ रोजी न्यूयॉर्कच्या हद्दीपासून १२८ पर्यंतचे १२३ मैल एकदम उघडले. १९६५ पर्यंत तो बॉस्टन शहरात पोचला, २००३ मध्ये लोगन विमानतळापर्यंत. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये टोलनाके गेले, कॅमेरे आले. म्हणजे आता श्रूजबरीत टर्नपाइक नावाचे दोन रस्ते आहेत ज्यांना टोल नाही, आणि टोल घेणारा जो आहे त्यावर आडवी फिरणारी दांडी नाही.

आप्पांना विमानतळावर सोडायला आम्ही सप्टेंबरात त्याच पाइकने गेलो. वेस्टबरोजवळ जिथून आपण चढतो, तो एक्झिट पूर्वी ११ए होता. २०२१ मध्ये नंबर बदलून १०६ झाला. पूर्वी नुसते अनुक्रमांक होते, आता मैल आहेत. आप्पांनी विचारलं, “एकशे सहा कुठून?” मी म्हटलं, “न्यूयॉर्कच्या हद्दीपासून.” त्यांनी पाठच्या सीटवर वही काढली. मेन स्ट्रीटचा दगड बॉस्टनला किती राहिलं ते सांगतो, आणि ही पाटी सांगते हद्दीपासून किती आलो. पाइक संपतो एकशे अडतीसला. वजाबाकी करून ते म्हणाले, “बत्तीस मैल. चला, वेळ आहे.” आणि मग १०६ पासून पुढची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत गेले.

कोजागिरीच्या पत्रकावर हॉलचा पत्ता या वेळीही मीच लिहिला आहे. श्रूजबरी हे नाव दोनदा घातलंय, आणि रूट नऊ आणि वीस, दोन्हींवरून कसं यायचं तेही. दूध आणणाऱ्यांनी कृपया तेवढं वाचूनच निघावं.